सांगत्ये ऐका : हंसा वाडकर

बालमित्रांनो, मागच्या शनिवारी वर्गात आम्ही विचारले होते, मोठेपणी प्रसिद्ध व्हायला कोणाकोणाला आवडेल? झाडून सगळे हात वर! म्हणून आज एका प्रसिद्ध बाईंची गोष्ट सांगतो.

हंसा वाडकर यांचा जन्म १९२३ साली मुंबईत झाला. मूळ नाव रतन साळगावकर. घरी पैशांची ओढाताण होती. त्यामुळे तुमच्याएवढ्या वयातच शाळा सुटली आणि त्या सिनेमात काम करू लागल्या. १९३६ साली 'विजयाची लग्ने' हा बोलपट आला. पडद्यासाठी नावसुद्धा बदलले.

१९४१ साली प्रभातच्या 'संत सखू'मध्ये त्या सोशिक सखू झाल्या. १९४७ साली 'लोकशाहीर रामजोशी'मध्ये तमाशातली बया झाल्या. १९५९ सालचा त्यांचा 'सांगत्ये ऐका' तर पुण्याच्या विजयानंद थिएटरात १३१ आठवडे चालला. म्हणजे अडीच वर्षे एकच सिनेमा!

आणि घरी? हंसाबाईंना साधा संसार हवा होता. लग्नानंतर सिनेमा सोडावा असे त्यांना वाटे. पण घर त्यांच्याच कमाईवर चाले, म्हणून काम सुटले नाही. पुढे संसार मोडला, दारूचे व्यसन जडले. साऱ्या महाराष्ट्राला ओळखीचा चेहरा, पण आपल्या मनासारखे जगणे काही त्यांना साधले नाही.

हे त्यांनी लपवले नाही. स्वतःच्या चुकांसकट सारे सांगितले. अरुण साधूंनी शब्दबद्ध केलेले ते आत्मचरित्र १९७० साली आले. नाव तेच, 'सांगत्ये ऐका'. पुढल्याच वर्षी, वयाच्या ४८ व्या वर्षी, त्या वारल्या. या पुस्तकावरून श्याम बेनेगल यांनी १९७७ साली 'भूमिका' हा हिंदी चित्रपट काढला. त्यासाठी स्मिता पाटील यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. हंसाबाईंना मात्र तो पाहायला मिळाला नाही.

'भूमिका' मोठ्यांसाठी आहे. पालकांनी जरूर पाहावा. इथे दुबईत गणपतीच्या कार्यक्रमात मुले स्टेजवर गेली, की आम्ही पालक कॅमेरे घेऊन पुढे धावतो. खाली उतरल्यावर, तुला मजा आली का, हे विचारायचे राहूनच जाते. आमचेही राहिले आहे.

मुलांनो, पुढच्या शनिवारी तोच प्रश्न पुन्हा विचारणार आहोत. हात वर करण्याआधी हंसाबाई आठवा. आणि ज्यांना हात खालीच ठेवायचा असेल, त्यांनी खुशाल खाली ठेवावा.