श्वासनलिकेत डोकावणारा डॉक्टर

जेवताना बोलण्याच्या नादात पाण्याचा एखादा थेंब श्वासनलिकेत गेला, तरी असा ठसका लागतो की डोळ्यांत पाणी येते. स्वरयंत्राचा हा पहारा अतिशय कडक असतो. हवेखेरीज काहीही आत येऊ लागले की खोकून ते बाहेर फेकायचे, हे त्याचे काम. या पहाऱ्यामुळे फुप्फुसे सुरक्षित राहतात. पण त्याच्यामुळेच जिवंत, जाग्या माणसाच्या श्वासनलिकेत आत पाहणे डॉक्टरांना शतकानुशतके जमले नव्हते. ते ज्यांनी जमवले, त्या जर्मन डॉक्टरांचे नाव गुस्ताव किलियन.

किलियन यांचा जन्म २ जून १८६० रोजी ऱ्हाइन नदीकाठच्या माइन्झ शहरात झाला. वैद्यकीय शिक्षणानंतर त्यांनी नाक आणि घसा हा विषय निवडला. बर्लिनमध्ये बर्नहार्ड फ्रेंकेल यांच्या हाताखाली अनुभव घेऊन ते दक्षिण जर्मनीतील फ्रायबुर्गला आले आणि तिथल्या विद्यापीठाच्या नाक-घसा विभागाची जबाबदारी तरुण वयातच त्यांच्यावर पडली.

शरीरात नळी घालून पाहण्याचा प्रयत्न याच फ्रायबुर्गमध्ये आधी होऊन गेला होता. १८६८ मध्ये अडॉल्फ कुसमाउल यांनी अन्ननलिकेतून सरळ धातूची नळी आत घातली होती. पण त्यासाठी त्यांना तलवार गिळून दाखवणारा कसरतपटू शोधावा लागला! मान मागे टाकून घसा सैल सोडायचा आणि उबळ दाबायची, हे त्याला सरावाने जमत होते. सामान्य रुग्णाला ते कसे जमावे? शिवाय ही अन्नाची वाट होती. श्वासाच्या वाटेवर तर पहारा आणखी कडक.

या अडचणीवरचा उपाय व्हिएन्नात सापडला. १८८४ मध्ये कार्ल कोलर यांनी कोकेनचे थेंब घालून डोळा बधिर करता येतो हे दाखवले. त्याच वर्षी येलिनेक यांनी कोकेनचे द्रावण घशाला आणि स्वरयंत्राला लावून पाहिले. ठसका थांबला. माणूस जागा असतो, श्वास घेत असतो, सांगितलेले ऐकत असतो. फक्त घशाला स्पर्श कळत नाही. पुढे १८९५ मध्ये बर्लिनच्या आल्फ्रेड किर्श्टाइन यांनी आरशाची मदत न घेता थेट नजरेने स्वरयंत्र पाहिले. मात्र ते फार खोल गेले नाहीत. फुप्फुसांकडे जाणाऱ्या शाखा नाजूक आणि ताठ असतील, नळीने त्या फाटतील, जवळच्या मोठ्या रक्तवाहिनीला इजा होईल, अशी तेव्हा भीती होती.

ही भीती खरी आहे का, हे किलियन यांनी टप्प्याटप्प्याने तपासले. गळ्याला छेद देऊन श्वासासाठी वाट केलेल्या रुग्णांमध्ये त्या छेदातून नळी आत नेली, तेव्हा ती श्वासनलिकेच्या दुभाजकापलीकडे सहज गेली. मग रुग्णालयातला एक निरोगी सेवक स्वतःहून तयार झाला. त्याच्या तोंडातून, स्वरयंत्रामधून नळी खाली नेल्यावर किलियन यांना दिसले की श्वासनलिकेच्या शाखा ताठ नसतात, लवचिक असतात. नळी जिकडे वळवावी तिकडे त्या हळूच सरकतात. मृतदेहांवरही त्यांनी याची खात्री करून घेतली.

३० मार्च १८९७ रोजी ब्लॅक फॉरेस्ट भागातला एक ६३ वर्षांचा शेतकरी त्यांच्यापुढे आला. जेवताना डुकराच्या हाडाचा तुकडा त्याच्या श्वासनलिकेत गेला होता. खोकला, धाप आणि थुंकीतून रक्त असा त्रास सुरू होता. त्या काळी अशा रुग्णाचे पुढे काय होई, हे डॉक्टरांना पाठ होते. अडकलेल्या वस्तूमागे कफ साचायचा, न्यूमोनिया व्हायचा, फुप्फुसात पू व्हायचा. प्रतिजैविके तर कित्येक दशके दूर होती. छाती उघडणे हेही मरणाला बोलावण्यासारखेच होते.

किलियन यांनी कोकेनने घसा बधिर केला, अन्ननलिका तपासण्याची सरळ नळी स्वरयंत्रातून खाली नेली आणि बाहेरून प्रकाश टाकला. उजव्या मुख्य शाखेत रुतून बसलेले हाड दिसले. चिमट्याने धरून त्यांनी ते तोंडावाटे बाहेर काढले. ना छाती उघडावी लागली, ना गळा.

१८९८ मध्ये हायडेलबर्ग येथील वैद्यकीय सभेत किलियन यांनी आपले अनुभव मांडले आणि या पद्धतीला थेट ब्राँकोस्कोपी असे नाव दिले. श्वासनलिकेत काहीतरी अडकलेले रुग्ण दूरदूरहून फ्रायबुर्गला येऊ लागले.  अमेरिकेतले शेव्हेलियर जॅक्सन यांनी हे तंत्र पुढे खूप वाढवले. १९०७ मध्ये त्यांनी या विषयावरचे आपले पुस्तक किलियन यांना अर्पण केले.

मात्र कोकेन हे दुधारी शस्त्र होते. जास्त शोषले गेले तर हृदयाची लय बिघडे, झटके येत. शिवाय व्यसनाचा धोका होताच. त्यामुळे घसा पुरता बधिर करायचा, पण मात्रा ओलांडायची नाही, ही कसरत डॉक्टरला करावी लागे. रुग्णाला बसवून, मागे उभ्या असलेल्या मदतनिसाने त्याचे डोके नीट तोलून धरणे हाही कामाचा महत्त्वाचा भाग होता. मान चुकीची वळली तर सरळ, कडक नळी दातांवर आणि घशावर दाब देई. रुग्णाचा त्रास कमी करणे आणि काम यशस्वी होणे या तिथे दोन वेगळ्या गोष्टी नव्हत्याच. घाबरून धडपडणाऱ्या माणसाच्या फुप्फुसात चिमटा घालता येत नाही.

१९११ मध्ये किलियन बर्लिनला गेले. रुग्णाला उताणे झोपवून, त्याचे डोके एका आकड्याच्या आधाराने तोलून धरण्याची पद्धत त्यांनी बसवली. त्यामुळे डॉक्टरचे दोन्ही हात मोकळे झाले. नाकाचा वाकडा पडदा सरळ करताना आतील नाजूक त्वचा राखण्याची त्यांची शस्त्रक्रियाही प्रसिद्ध झाली. नाक तपासण्याचे त्यांच्या नावाचे उपकरण आजही कान-नाक-घशाच्या डॉक्टरांच्या ट्रेमध्ये असते. २४ फेब्रुवारी १९२१ रोजी बर्लिनमध्ये त्यांचे निधन झाले.

त्यानंतर दोन मोठे बदल झाले. १९४३ मध्ये स्वीडनमध्ये लिग्नोकेन तयार झाले आणि पुढे कोकेनची जागा त्याने घेतली. १९६० च्या दशकात जपानच्या शिगेतो इकेदा यांनी वाकणारी, काचतंतूंची दुर्बीण आणली. किलियन यांची सरळ नळी अडकलेली वस्तू काढण्यासारख्या कामांसाठी आजही वापरतात, पण बहुतेकदा रुग्णाला पूर्ण भूल देऊन.

आज क्षयरोगाच्या किंवा कर्करोगाच्या शंकेने ‘फुप्फुसाची दुर्बीण’ करायला सांगितली की रुग्णाचा पहिला प्रश्न असतो, जीव गुदमरेल का? प्रौढांसाठीची वाकणारी दुर्बीण साधारण ५ ते ६ मिलिमीटर जाड असते. श्वासनलिका तिच्यापेक्षा कितीतरी रुंद असते, त्यामुळे दुर्बिणीच्या बाजूने हवा ये-जा करत राहते. औषधाची चव कडू लागते, घसा सुजल्यासारखा किंवा गिळता येत नसल्यासारखा वाटतो. ते औषध लागू पडल्याचे लक्षण आहे. सोबत शिरेतून गुंगीचे औषध देता येते आणि बोटाला लावलेले यंत्र ऑक्सिजनवर लक्ष ठेवते. दुर्बीण स्वरतंतूंमधून गेलेली असल्याने बोलता येत नाही. म्हणून त्रास झाल्यास हात वर करण्याची खूण आधीच ठरवून घ्यावी.

पोट रिकामे ठेवण्याची सूचना कटाक्षाने पाळावी. कवळी, दमा, औषधांची अॅलर्जी यांची माहिती द्यावी. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या सुरू असतील तर तेही सांगावे, पण त्या स्वतःच्या मनाने बंद करू नयेत. तपासणीनंतर बधिरपणा जाईपर्यंत चहाचा घोटही घेऊ नये. कारण त्या वेळी घशाचा पहारेकरी झोपलेला असतो. किलियन यांनी त्याला काही मिनिटे गप्प बसवायला शिकवले. तो पुन्हा जागा होईपर्यंत थांबणे मात्र रुग्णाच्या हातात आहे.