सर दिनशा माणेकजी पेटिट आणि मुक्या प्राण्यांचें रुग्णालय

आपल्या गोंदिया जिल्ह्यांत धान हें मुख्य पीक, आणि धानाची शेती म्हणजे चिखलाची शेती. आषाढांत बांध्यांतून चिखलणी चालू असतां बैलाचा पाय कडेवरून निसटावा, खुराच्या वरचें हाड मोडावें, आणि सकाळीं जो प्राणी घराचा आधार होता तोच संध्याकाळीं घरावरचा भार व्हावा, ही गोष्ट येथील शेतकऱ्यांस नवी नाहीं. पोळ्यास ज्याच्या शिंगांना बेगड लावावयाचें, शंकरपटांत ज्याच्या नांवाचा पुकारा व्हावयाचा, त्या बैलाचें पुढें काय करावें? गांवांतील एखादा जाणता मनुष्य बांबूच्या कामट्या बांधून हाड बसवी. कधीं तें बसे, बहुधा बसत नसे. मग जनावर विकून टाकावें, किंवा मरेपर्यंत दावणीस बांधून त्यास चारा घालावा, एवढेच दोन मार्ग उरत. त्यास शास्त्रीय रीतीनें बरें करण्याचा तिसरा मार्ग मुंबई इलाख्यांत ज्यांच्या द्रव्यानें सर्वांस खुला झाला, त्या सर दिनशा माणेकजी पेटिट ह्यांचें चरित्र येथें सांगावयाचें आहे.

दिनशा ह्यांचा जन्म मुंबईस ता. ३० जून १८२३ रोजीं एका पारशी कुटुंबांत झाला. पेटिट हें आडनांव पारशी वळणाचें नव्हे, हें वाचकांच्या ध्यानांत आलेंच असेल. त्यांचे आजोबा नसरवानजी कावसजी हे अठराव्या शतकाच्या अखेरीस सुरतेहून मुंबईस आले आणि बंदरांत येणाऱ्या फ्रेंच जहाजांकडे कारकुनीचें व दुभाष्याचें काम करूं लागले. ते अंगानें ठेंगणे होते. त्यामुळें फ्रेंच लोक त्यांस आपल्या भाषेंतील लहानगा ह्या अर्थाच्या शब्दानें हांक मारीत. थट्टेनें पडलेलें हें नांव पुढें घराण्याचें नांव झालें, आणि त्याच नांवानें पुढें मुंबईच्या मोठमोठ्या गिरण्या ओळखल्या गेल्या!

दिनशांचें शालेय शिक्षण फार झालें नाहीं. इ.स. १८३७ सालीं, वयाच्या चौदाव्या वर्षीं, साकरबाई ह्यांच्याशीं त्यांचा विवाह झाला. त्या काळच्या रीतीस तें धरूनच होतें. पुढें सतराव्या वर्षाच्या सुमारास ते एका इंग्रज व्यापारी पेढींत कारकून म्हणून लागले. वडील माणेकजी हे मुंबईंतील पहिल्या गिरणीवाल्यांपैकीं एक. तो धंदा दिनशांनीं पुढें फार वाढविला. अमेरिकेंत इ.स. १८६१ पासून १८६५ पर्यंत यादवी युद्ध चाललें, तेथील कापूस इंग्लंडास मिळेनासा झाला, आणि हिंदी कापसाचा भाव गगनास भिडला. मुंबईंत पैशाचा पूर आला. लोक कागदाच्या कपट्यांवर लाखों रुपये लावूं लागले. युद्ध संपतांच तो फुगा फुटला व पेढ्यांमागून पेढ्या बुडाल्या. दिनशा मात्र मिळविलेलें बहुतेक सांभाळून त्या वादळांतून बाहेर पडले. नुसत्या सुदैवानें असें घडत नाहीं. कोठें थांबावें हें ज्यास कळतें त्यासच तें साधतें.

आतां त्या वेळच्या मुंबईचे रस्ते डोळ्यांपुढें आणावे. मोटार नाहीं, विजेची ट्राम नाहीं. गोदींतून वखारींत आणि वखारींतून गिरणींत कापसाचे गठ्ठे जात ते बैलांच्या खांद्यांवरून. इ.स. १८७४ च्या मे महिन्यांत शहरांत ट्रामगाडी सुरू झाली, तीही घोड्यांनीं ओढावयाची. त्या कंपनीच्या तबेल्यांत सुमारें ९०० घोडे होते असें सांगतात. उन्हांत तापलेल्या फरसबंदीवर घोडे घसरून पडत. जुवाखालीं बैलांचे खांदे सोलून निघत, आणि त्याच जखमेवर दुसऱ्या दिवशीं पुन्हां जूं चढे. गाडीवान तरी काय करणार? बैल एक दिवस उभा राहिला तर त्याच्या घरची चूल त्या दिवशीं पेटत नसे. गिरणीवाल्यांचें वैभव ह्या मुक्या खांद्यांवर उभें होतें ही गोष्ट दिनशांच्या मनांत आली असेल किंवा नसेल. आपण मात्र ती विसरूं नये.

त्याच १८७४ सालीं मुंबईंत प्राण्यांस क्रूरपणें वागविण्यास आळा घालणारी मंडळी स्थापन झाली. पण अडचण लौकरच दिसून आली. जखमी बैल रस्त्यावर पकडला, गाडीवानास दंड झाला. पुढें त्या बैलास न्यावयाचें कोठें? मुंबईंत पांजरपोळ होती. इ.स. १८३२ सालीं कंपनी सरकारनें बेवारशी कुत्रीं मारण्याचा हुकूम काढल्यावरून शहरांत मोठा दंगा झाला होता. त्यानंतर १८३४ सालीं सर जमशेटजी जिजीभाई व शेट मोतीचंद अमीचंद ह्यांच्यासारख्या पारशी व हिंदु धनिकांनीं मिळून ती संस्था उभारली. लंगडीं, आंधळीं, म्हातारीं जनावरें तेथें मरेपर्यंत सांभाळलीं जात, आणि त्या भूतदयेपुढें मान लवविलीच पाहिजे. तरी पांजरपोळ म्हणजे आश्रय. औषधोपचार व शस्त्रक्रिया हें तिचें मुख्य काम नव्हे. उलट गोऱ्या लष्करी छावणींत शस्त्रक्रिया जाणणारे पशुवैद्य होते, परंतु पाय मोडलेल्या घोड्यास गोळी घालणें हाच तेथें बहुधा शेवटचा उपचार असे. एकीकडे विद्येवांचून दया आणि दुसरीकडे दयेवांचून विद्या, अशी ही स्थिति होती. दोहोंची गांठ घालून देण्यास द्रव्य पाहिजे होतें.

तें दिनशांनीं दिलें. परळ येथें आपल्या पत्नीच्या नांवानें त्यांनीं प्राण्यांचें रुग्णालय उभारण्याचें मनावर घेतलें, आणि इ.स. १८८४ सालीं व्हाइसरॉय लॉर्ड डफरिन ह्यांच्या हस्तें त्याची कोनशिला बसविण्यांत आली. बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालय असें त्याचें नांव. लक्षाधीशानें धर्मशाळा बांधावी, विहीर खणावी, हें लोकांस ठाऊक होतें; परंतु बैलासाठीं खाटिकखाना नव्हे, गोठा नव्हे, तर इस्पितळ, आणि तेंही धर्मपत्नीचें नांव देऊन, ही कल्पना त्या काळीं निराळीच होती.

रुग्णालय झालें तरी वैद्य पाहिजेत. म्हणून त्याच्याच शेजारीं ता. २ ऑगस्ट १८८६ रोजीं मुंबईचें पशुवैद्यक महाविद्यालय उघडलें, आणि त्याचे पहिले प्राचार्य जॉन हेन्री स्टील हे झाले. ह्या तरुण इंग्रज गृहस्थांविषयीं दोन शब्द लिहिल्यावांचून पुढें जाववत नाहीं. त्यांनीं लंडन येथें पशुवैद्यक शिकविलें होतें. बैलांच्या रोगांवर त्यांचा ग्रंथ होता; हिंदुस्थानांत लष्करी पशुवैद्य म्हणून आल्यावर हत्तींच्या रोगांवरही त्यांनीं लिहिलें. खेंचरें व घोडे ह्यांस होणाऱ्या सर्रा नांवाच्या घातक तापाचा जंतु ग्रिफिथ इव्हान्स ह्यांनीं १८८० सालीं शोधून काढला होता. स्टील ह्यांनीं ब्रह्मदेशांत जाऊन त्याच रोगाचा तपास केला आणि जंतूस इव्हान्स ह्यांचेंच नांव दिलें. दुसऱ्याच्या शोधास दुसऱ्याचें नांव देणारा विद्वान सर्वत्र भेटत नाहीं. रुग्णालयांत येणारें प्रत्येक जनावर हाच विद्यार्थ्यांचा जिवंत ग्रंथ झाला. १८९१ सालीं, चाळिशीही न गांठतां, स्टील मुंबईंतच वारले. त्यांच्यामागें विद्यालय चालू राहिलें, कारण शिकविण्यास रुग्ण होते आणि रुग्णांस बघण्यास विद्यार्थी होते.

मोडलेला पाय बरा करणें मनुष्यांत सोपें आणि जनावरांत इतकें कठीण कां, असें मुलें विचारतील. मनुष्यास सहा आठवडे खाटेवर पडून राहण्यास सांगतां येतें. घोड्यास कोण सांगणार? तो झोंपही बहुधा उभ्यानेंच घेतो. एक पाय उचलून धरला म्हणजे सारा भार उरलेल्या तिहींवर येतो, त्यांचे खूर आंतून सुजतात, आणि मोडलेल्या पायापेक्षां धड पायच त्याचा घात करतात. म्हणून पोटाखालून रुंद पट्टे घेऊन त्यास झोळींत तोलून धरावें लागतें. बैल बसून रवंथ करितो, त्यामुळें त्याचें हाड सांधण्यास कांहींशी अधिक आशा असते. गुंगीचें औषध देऊन, दोरांनीं आडवा पाडून, मऊ गवतावर निजवून त्याची शस्त्रक्रिया करावयाची. हाड बसवून भोंवतीं प्लास्टर घालावयाचें. आणि जाग येतांच तो धडपडून उठतो त्या क्षणीं सारें मोडणार नाहीं अशी काळजी घ्यावयाची. ह्या कामीं हाताच्या कौशल्याइतकाच धीर लागतो. इ.स. १८९० सालीं सर्व हिंदुस्थानासाठीं प्राण्यांच्या छळाविरुद्ध कायदा झाला. पुढें जखमी जनावर सरकारी हुकमानें अशा रुग्णालयांत ठेवावें व कामास योग्य झाल्यावरच मालकाच्या स्वाधीन करावें, अशी व्यवस्था झाली.

ज्याचा पाय मुळींच राहिला नाहीं त्याचें काय? हा प्रश्न सर दिनशांच्या काळीं कोणीं मनांतही आणला नसता. आज जयपूर येथें गाईंस हलके कृत्रिम पाय बसविले जातात. सयाम देशांत लांपांग येथील हत्तींच्या रुग्णालयांत, सुरुंगावर पाय पडून जायबंदी झालेल्या मोताला नांवाच्या हत्तिणीस १० वर्षांनीं, इ.स. २००९ सालीं, कृत्रिम पाय मिळाला. आपल्या विदर्भांतीलही एक गोष्ट आहे. चंद्रपूर जिल्ह्यांत इ.स. २०१२ सालीं साहेबराव नांवाच्या वाघाचा पंजा शिकाऱ्यांच्या सांपळ्यांत सांपडून गेला. जानेवारी २०२० मध्यें नागपूरजवळील गोरेवाडा येथें मनुष्यांच्या अस्थिवैद्यांनीं व पशुवैद्यांनीं मिळून त्यास गुंगींत कृत्रिम पंजा बसविला. शुद्धीवर येतांच वाघानें तो झटकून काढून टाकला. गाय सोसते, हत्तीण शिकते. वाघ मात्र मनुष्याचे उपकार मानावयास तयार नव्हता! नागझिऱ्याच्या जंगलाशेजारीं राहणाऱ्या आपल्या मुलांनीं ही गोष्ट ऐकली म्हणजे सांपळ्याचें तें लोखंडी तोंड काय करितें हेंही त्यांस समजेल.

सर दिनशांच्या इतर दानांचा उल्लेख थोडक्यांत करितों. मुंबईच्या व्हिक्टोरिया जुबिली तंत्रशाळेस जागा मिळाली त्यांत त्यांचा मोठा वांटा होता. स्त्रियांच्या व मुलांच्या इस्पितळास आणि कुष्ठरोग्यांच्या आश्रयासही त्यांनीं उदार हातानें मदत केली. १८८७ सालीं त्यांस सर ही पदवी मिळाली व १८९० सालीं ते बॅरोनेट झाले. त्याच १८९० सालीं साकरबाई निवर्तल्या. त्रेपन्न वर्षांचा तो संसार होता. ता. ५ मे १९०१ रोजीं सर दिनशांनीं मुंबईस देह ठेवला.

परळचें रुग्णालय त्यानंतरही चालत राहिलें. शेजारचें महाविद्यालय आतां नागपूर येथील पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाच्या छत्राखालीं आहे, आणि विदर्भांतील पशुवैद्यांचें शिक्षणही त्याच छत्राखालीं होतें. ट्रामचे घोडे १९०५ सालीं गेले. घोडागाड्यांसही उच्च न्यायालयानें २०१५ सालीं बेकायदा ठरविलें. त्यामुळें रुग्णही बदलले. मोटारीखालीं सांपडलेलीं कुत्रीं येऊं लागलीं, मांजरें येऊं लागलीं, आणि संक्रांतीच्या दिवसांत पतंगाच्या मांजानें पंख कापलेले पक्षीही मुंबईचे लोक टोपलींत घालून उपचारासाठीं घेऊन येतात.