नाना फडणवीसांचा कारभार मेणवलीच्या सहा चौकी वाड्यात जपला गेला

शाहरुख खानचा 'स्वदेस' बघितला असेल, तर त्यातला नदीकाठचा दगडी घाट आठवत असेल. तो घाट साताऱ्यातल्या मेणवलीचा. वाईपासून जेमतेम 3 किलोमीटरवर, कृष्णेच्या काठी हे गाव आहे. घाटाच्या वरच्या अंगाला जो भलामोठा वाडा दिसतो, तो बांधला नाना फडणवीसांनी.

शहादा, दोंडाईचाकडे गावातल्या अशा मोठ्या घराला गढी म्हणतात, देशावर वाडा म्हणतात. इंग्लंडमध्ये याच जातीच्या घराला मॅनर म्हणत. म्हणजे मालकाचं राहणं, शेतीचा पसारा आणि गावच्या हिशेबाचे कागद, सगळं एकाच आवारात. मेणवलीचा वाडा याच पठडीतला. फरक एवढाच की याचा मालक एका गावाचे नाही, सगळ्या मराठी राज्याचे हिशेब बघत होता.

नानांचं मूळ नाव बाळाजी जनार्दन भानू. जन्म साताऱ्याचा, 12 फेब्रुवारी 1742. घराणं मात्र कोकणातल्या वेळासचं. हो, तेच वेळास, जिथं आज कासवांची पिल्लं बघायला गर्दी होते. पेशव्यांचं भट घराणं श्रीवर्धनचं, त्यांच्यासोबत भानू घाटावर आले. नानांच्या आजोबांचा जीव 1719 ला दिल्लीत बाळाजी विश्वनाथांना वाचवताना गेला. फडणिशी, म्हणजे राज्याच्या हिशेबाचं आणि दप्तराचं काम, या घराण्याकडे राहिलं.

1756 ला वडील वारले आणि चौदा वर्षांच्या नानांवर ही जबाबदारी आली. पुढं पाचच वर्षांत पानिपत झालं. तीर्थयात्रा घडावी म्हणून आईही सोबत होती. 14 जानेवारी 1761 ला सगळी वाताहत झाली, नाना कसेबसे जीव वाचवून परतले. आई परत आली नाही. त्यांनी तरुणपणाबद्दल स्वतःच छोटंसं आत्मचरित्र लिहून ठेवलंय, त्यात हा सगळा प्रसंग येतो.

1768 मध्ये पंतप्रतिनिधी आणि मंत्री यांच्याकडून नानांना मेणवली गाव मिळालं. तेव्हा ते 26 वर्षांचे होते. पुण्यात त्यांचं राहणं होतंच. पण गाव स्वतःचं, शेजारी वाईसारखं क्षेत्र आणि अंगणात कृष्णा. त्यांनी इथं वाडा, घाट आणि देवळं असा एकत्र बेत केला.

वाड्याला सहा चौक आहेत. बाहेरून बघितलं तर उंच, जाड भिंती आणि मोजक्याच खिडक्या. सगळा उजेड नि वारा आत, चौकातून येतो. चौकाभोवती ओसरी, ओसरीमागे खोल्या, वरती माडी. अशा वाड्यांत चौकांची उतरंड असते. बाहेरचा माणूस पहिल्या चौकापर्यंत, कामाचा माणूस त्याच्या पुढं, आणि घरच्या बायका-मुलांचा वावर सगळ्यात आत. कोण कुठवर येणार हे दारवान ठरवायच्या आधी वाड्याची रचनाच ठरवते. आयुष्यभर कोणाला किती माहिती द्यायची याचाच विचार करणाऱ्या माणसाला असं घर शोभतंही.

वजन पेलायला सागवानी खांब आणि तुळया. आतल्या भिंतींवर देवादिकांची चित्रं रंगवलेली, त्यातली काही आजही टिकून आहेत. मागच्या अंगानं घाटावर उतरता येतं. तिथं मेणेश्वराचं आणि विष्णूचं देऊळ आहे. शेजारी एक मोठी घंटा टांगलीय, तिच्यावर 1707 हे साल आणि बाळ येशूला घेतलेली मेरी! चिमाजी अप्पांनी 1739 ला वसई जिंकल्यावर पोर्तुगीजांच्या ज्या घंटा इकडं आल्या, त्यातलीच ही एक.

हा वाडा नानांना निवांतपणे किती लाभला असेल, हा प्रश्नच आहे. 30 ऑगस्ट 1773 ला नारायणराव पेशव्यांचा खून झाला. नानांनी बारभाईंची मोट बांधली, पुरंदरावर जन्मलेल्या सवाई माधवरावांच्या नावानं राज्य चालवलं आणि राघोबादादांना पुढं करणाऱ्या इंग्रजांशी 1782 च्या सालबाईच्या तहापर्यंत झुंज दिली. 1795 ला खर्ड्यावर निजाम हरला, आणि त्याच ऑक्टोबरमध्ये सवाई माधवराव शनिवारवाड्यातून पडून गेले.

तिथून नानांचे दिवस फिरले. 1796 ला पुणे सोडून ते साताऱ्याकडे, मग वाईला आणि तिथून घाट उतरून महाडला गेले. परत आले, तर 1797 च्या शेवटच्या दिवशी कैद झाली आणि नगरच्या किल्ल्यात रवानगी झाली. पुढच्या वर्षी सुटका झाली, कारभारही मिळाला, पण फार काळासाठी नाही. 13 मार्च 1800 ला पुण्यात त्यांचं निधन झालं.

मागं मुलगा नव्हता. पत्नी जिऊबाई होत्या, तेव्हा अगदी लहान वयाच्या. नानांच्या संपत्तीवर दुसऱ्या बाजीरावांचा डोळा, त्यामुळं या मुलीला आसरा घ्यावा लागला तो लोहगडाचा. नानांचे विश्वासू धोंडोपंत तिथं गड धरून होते. 1803 ला जनरल वेलस्लीनं मध्यस्थी केली. जिऊबाई इंग्रजांच्या संरक्षणाखाली पनवेलला गेल्या, वर्षाला 12,000 रुपयांची नेमणूक ठरली. ज्या इंग्रजांना नवऱ्यानं आयुष्यभर दूर ठेवलं, त्यांच्याच भरवशावर.

पेशवाई बुडाल्यावर त्या मेणवलीला आल्या. 1827 च्या एका इंग्रजी नोंदीत मेणवलीची ओळखच नानांच्या विधवेचं राहतं गाव अशी दिलेली आहे. पुढच्याच वर्षी पुण्यात शनिवारवाडा जळाला. मेणवलीचा वाडा मात्र राहिला, कारण त्यात घरची माणसं राहत होती. गळकं छप्पर वेळेत शाकारलं नाही तर लाकडी वाड्याला दोन-चार पावसाळे पुरतात.

वाड्यासोबत नानांचं दप्तरही राहिलं. पत्रं, हिशेब, बातम्या, सगळं मोडीत. पुढं इतिहास संशोधक द. ब. पारसनीस यांनी ते मिळवलं आणि ते साताऱ्याच्या त्यांच्या संग्रहात गेलं. 1939 ला हा संग्रह पुण्याच्या डेक्कन कॉलेजमध्ये आला. मेणवली दप्तर या नावानं ते आज तिथं आहे.