डॉ. कमला सोहोनी

मुलांनो, इंदिरानगरातल्या कोणत्याही किराणा दुकानात जा आणि मिठाची पिशवी नीट वाचा. तिच्यावर 'आयोडीनयुक्त' हा शब्द दिसेल. आपल्या गळ्यात फुलपाखराच्या आकाराची थायरॉइड ग्रंथी असते. ती आयोडीनपासून संप्रेरक तयार करते. ते कमी पडले, तर थकवा येतो आणि मुलांची वाढ खुंटते. फार दिवस आयोडीन मिळाले नाही, तर गळा सुजतो. त्याला गलगंड म्हणतात.

पण नुसते आयोडीन पुरत नाही. हे संप्रेरक बनवायला शरीरात लोहही हवे. 'अ' जीवनसत्त्व कमी असेल, तर आयोडीनची उणीव अधिक बाधते. जीवनसत्त्वाला तुम्ही उर्दूत हयातीन म्हणता. अन्नातल्या अशा घटकांचा अभ्यास करणाऱ्या एका जिद्दी स्त्रीची ओळख आज करून घेऊ या.

कमलाबाईंचा जन्म १८ जून १९११ रोजी इंदूर येथे झाला. त्यांचे माहेरचे आडनाव भागवत. वडील आणि काका दोघेही रसायनशास्त्रज्ञ होते. प्रसिद्ध लेखिका दुर्गा भागवत या त्यांच्या भगिनी.

१९३३ साली कमलाबाई मुंबई विद्यापीठाच्या बी.एस्सी. परीक्षेत पहिल्या आल्या. वडील ज्या संस्थेत शिकले, त्या बंगलोरच्या विज्ञान संस्थेत त्यांनी अर्ज केला. संस्थेचे संचालक होते नोबेल पारितोषिक मिळवणारे सर सी. व्ही. रामन. मुलगी असल्यामुळे त्यांनी प्रवेश नाकारला. तुम्ही असता तर काय केले असते? कमलाबाई घरी रडत बसल्या नाहीत. त्या थेट बंगलोरला गेल्या आणि नकाराचे कारण विचारले. शेवटी एक वर्षासाठी, कडक अटींवर, त्यांना प्रवेश मिळाला. हा अपमान त्यांच्या मनाला लागला. पण त्यांनी अभ्यासातूनच उत्तर दिले. वर्षभराचे काम पाहून रामन यांचे मत बदलले आणि संस्थेचे दार इतर मुलींनाही उघडले.

पुढे त्या केंब्रिजला गेल्या. तेथे त्यांनी बटाट्यावर काम करताना वनस्पतींच्या पेशींत 'सायटोक्रोम सी' हे लोहयुक्त प्रथिन असल्याचे दाखवले. १९३९ साली त्यांना पीएच.डी. मिळाली. विज्ञानात ही पदवी मिळवणाऱ्या पहिल्या काही भारतीय महिलांपैकी त्या एक होत.

परदेशात न राहता त्या मायदेशी परतल्या. कुन्नूरच्या प्रयोगशाळेत त्यांनी जीवनसत्त्वांचा अभ्यास केला. १९४७ साली विवाहानंतर त्या मुंबईत आल्या आणि विज्ञान संस्थेत शिकवू लागल्या. कडधान्ये व नीरा यांवर त्यांनी संशोधन केले. नीरेत 'अ' व 'क' जीवनसत्त्वे आणि लोह असल्याचे त्यांना आढळले. कुपोषित आदिवासी मुलांना व गरोदर स्त्रियांना तिचा उपयोग होतो, हेही त्यांनी दाखवले. या कामासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला.

१९९८ साली दिल्लीत त्यांचा सत्कार होत असतानाच त्या कोसळल्या आणि लवकरच त्यांचे निधन झाले.

मुलांनो, 'क' जीवनसत्त्वामुळे डाळी-भाजीतले लोह शरीरात चांगले शोषले जाते. म्हणून डाळीवर लिंबू पिळा, गाजर आणि पालेभाजी आवडीने खा. मात्र गळा सुजलेला दिसला, तर मनाने गोळ्या घेऊ नका, डॉक्टरांना दाखवा. आणि कुणी तुमच्या शिक्षणाचे दार लावून घेतले, तर ते पुन्हा ठोठावायला विसरू नका.