पानिपत आणि सुभेदार मल्हारराव होळकर

होळकर घराण्याचे मूळ पुरुष सुभेदार मल्हारराव यांचे नाव माळव्यातील मराठी माणूस आदराने घेतो. परंतु हेच नाव पुण्याकडच्या बैठकीत निघाले की पाठोपाठ पानिपतचा विषय निघतो आणि स्वर बदलतो. १४ जानेवारी १७६१ रोजी तिसऱ्या प्रहरी मल्हारराव आपले पथक घेऊन रणांगणातून निघून गेले, एवढी एकच गोष्ट त्यांच्या जवळजवळ अर्धशतकाच्या शिपाईगिरीवर सावलीसारखी पडलेली आहे. हा आरोप तपासावयाचा तर त्या एका दुपारीवर थांबून चालत नाही. हा माणूस कोणत्या तऱ्हेचा लढवय्या होता आणि पानिपतपूर्वी त्याच्या हातून काय काय घडले, तेथवर मागे जावे लागते.

मल्हाररावांचा जन्म इ.स. १६९३ मधला, नीरेकाठच्या होळ गावचा. वडील खंडोजी धनगर समाजातील. ते लवकरच वारले आणि आईने मुलाला घेऊन खानदेशात तळोद्यास भोजराज बारगळ या आपल्या भावाचा आश्रय धरला. मामाच्या मेंढरांमागे फिरणारा हा पोरगा पुढे कदमबांड्यांच्या पथकात स्वार झाला, मामाची कन्या गौतमाबाई त्याची पत्नी झाली आणि थोरल्या बाजीरावांच्या नजरेत भरल्यावर त्याचे भाग्य उजळले. इ.स. १७२८ च्या पालखेडच्या मोहिमेत निजामाच्या अवजड सैन्याची रसद तोडून त्याला पाण्यावाचून कोंडण्याचे जे काम झाले, त्यात मल्हाररावांच्या स्वारांचा वाटा मोठा होता. पुढे माळव्याची वाटणी होऊन शिंदे, होळकर व पवार ही तीन घराणी येथे रुजली. इ.स. १७३८ मध्ये भोपाळला निजाम पुन्हा कोंडला गेला, तेव्हाही मल्हारराव तेथे होते आणि पुढल्या वर्षी वसईच्या तटाखालीही होते.

या कारकिर्दीत एक गोष्ट वारंवार दिसते. जागा राखून मरणे हा मल्हाररावांच्या युद्धाचा धर्मच नव्हता. इ.स. १७३७ मध्ये यमुनेपलीकडे जलेसरजवळ सादतखानाने त्यांना गाठले, तेव्हा मार खाऊन ते मागे फिरले आणि बाजीरावांना जाऊन मिळाले. त्यावेळी कोणी त्यांना भेकड म्हटले नाही. उलट सादतखान विजयाच्या फुशारकीत असतानाच बाजीराव थेट दिल्लीच्या वेशीपाशी जाऊन उभे राहिले. वेळ पाहून निघून जाणे, घोडा व माणूस वाचवणे आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्या बाजूने घाला घालणे हेच त्या युद्धतंत्राचे मर्म होते आणि मल्हाररावांचे सारे आयुष्य त्यात मुरले होते.

मात्र पानिपतच्या आधीच्या दशकातील दोन प्रकरणांत त्यांची बाजू इतक्या सहजतेने मांडता येत नाही.

पहिले प्रकरण शिंदे-होळकरांच्या दुहीचे. जयपूरच्या गादीच्या तंट्यातच या दोन घराण्यांचे कल वेगवेगळे झाले होते. इ.स. १७५४ मध्ये सूरजमल जाटाच्या कुंभेर किल्ल्याला मराठ्यांचा वेढा असताना मल्हाररावांचा एकुलता एक मुलगा खंडेराव तोफेचा गोळा लागून ठार झाला. सती जाण्यास निघालेल्या सुनेला, म्हणजे अहिल्याबाईंना, वृद्ध सासऱ्याने कसे परावृत्त केले ती कथा सर्वश्रुत आहे. पुत्रशोकाने पेटलेल्या मल्हाररावांना जाटाचा निःपात हवा होता. तर जयाप्पा शिंद्यांनी त्याच्याशी समेटाचा मार्ग धरला. वेढा उठला, परंतु मनातली अढी गेली नाही. पुढल्याच वर्षी जयाप्पांचा नागोरला खून झाला आणि ही दुही मिटवण्याची संधीही त्यांच्यासोबत गेली.

दुसरे प्रकरण नजीबखान रोहिल्याचे, आणि मल्हाररावांवरील खरा आरोप तो येथे आहे. इ.स. १७५७ मध्ये रघुनाथरावांच्या फौजा दिल्लीत शिरल्या तेव्हा नजीब मराठ्यांच्या मुठीत आला होता. अब्दालीला हिंदुस्थानात बोलावणारा हा माणूस पुन्हा तेच करील, हे सांगावयास ज्योतिषी नको होता. तरीही मल्हाररावांनी त्याला आपला धर्मपुत्र मानून मध्यस्थी केली आणि दिल्ली सोडून आपल्या मुलखात जाण्याच्या अटीवर तो जिवंत सुटला. यामागचे कारण बखरकार असे रंगवतात, की उत्तरेत एखादा काटा शिल्लक राहिला तरच पेशव्यांना सरदारांची गरज राहील, अन्यथा त्यांना कोणी विचारणार नाही, असा धूर्त हिशेब सुभेदारांनी केला होता. बखरीतील संवाद शब्दशः खरे मानण्याचे कारण नाही. पण हिशेब तसा असो वा निव्वळ स्नेह असो, परिणाम एकच झाला. इ.स. १७५९ मध्ये शुक्रतालच्या वेढ्यात नजीबाने दत्ताजी शिंद्यांना महिनोन्‌महिने गुंतवून ठेवले आणि तेवढ्या अवधीत अब्दालीला आणले. १० जानेवारी १७६० रोजी बुराडी घाटावर दत्ताजी पडले. मल्हारराव त्यावेळी राजपुतान्यात अडकलेले होते. ते येऊन पोचले ते या घातानंतर. त्यांनी दुआबात शिरून गनिमी पद्धतीने अब्दालीला सतावण्याचा प्रयत्न केला खरा, परंतु मार्च महिन्यात दुआबातील सिकंदराबादजवळ त्यांच्या तुकडीवर अचानक छापा पडला आणि ती जबर हानी सोसून पांगली.

सदाशिवरावभाऊ दक्षिणेतून आले ते इब्राहिमखान गारद्याच्या तोफा आणि कवायती पायदळ घेऊन. बरोबर बायकामुले आणि यात्रेकरूंचा मोठा जमाव होता. मल्हारराव व सूरजमल दोघांनीही जड तोफा, बाजारबुणगे आणि कबिले चंबळेच्या अलीकडे ठेवून सडे व्हावे आणि शत्रूची रसद मारावी, असा सल्ला दिला. ज्याच्या किल्ल्यावरील गोळ्याने मुलगा गेला, त्या सूरजमलाशी येथे सुभेदारांचे मत तंतोतंत जुळले. भाऊंनी हा सल्ला मानला नाही. उदगीरच्या विजयात तोफखान्याचा प्रताप त्यांनी नुकताच पाहिला होता, त्यामुळे त्यांचा विश्वास अनाठायी होता असेही म्हणता येत नाही. परंतु तोफा व कबिले बाळगणाऱ्या सैन्याला रसदेचा मार्ग मोकळा लागतो. ऑक्टोबर १७६० मध्ये कुंजपुरा जिंकेपर्यंत तो होता. अब्दाली बागपताजवळ यमुना उतरून दिल्ली व मराठे यांच्या मध्ये येऊन बसला आणि तो बंद झाला. पालखेडला निजामाची जी गत झाली होती, तीच आता पानिपतच्या खंदकात मराठ्यांची झाली.

अन्नान्न दशा झालेल्या फौजेने १४ जानेवारीला गोलाची रचना करून दिल्लीकडे सरकत जावयाचे, असा बेत इब्राहिमखानाच्या सल्ल्याने ठरला. डाव्या अंगाला गारदी, मध्यभागी भाऊ, विश्वासराव व हुजुरात, उजव्या अंगाला जनकोजी शिंदे आणि टोकाला मल्हारराव. समोर नजीब होता. गोलाची लढाई म्हणजे प्रत्येकाने आपली जागा न सोडण्याची लढाई, आणि सदुसष्ट वर्षांच्या मल्हाररावांनी ती आयुष्यात कधी लढली नव्हती. दुपारपर्यंत डावीकडे व मध्यभागी घनघोर रण माजले असता उजव्या टोकाला मात्र तितकी निकराची झुंज झाल्याचे दिसत नाही. विश्वासराव गोळी लागून पडले, भाऊ गर्दीत घुसले, अब्दालीची राखीव दळे पुढे आली आणि मराठ्यांची फळी मोडली. त्या मोडीत होळकरांचे पथक निघाले. शेजारचे जनकोजी शिंदे जखमी होऊन शत्रूच्या हाती सापडले व मारले गेले.

भाऊंनीच मल्हाररावांना बायकांना घेऊन निघण्यास सांगितले होते, अशी होळकरांची बाजू सांगितली जाते. नजीबाने जुने उपकार स्मरून वाट दिली, असा प्रवाद विरोधकांनी चालवला. दोन्हींपैकी एकालाही निःसंशय पुरावा म्हणता येईल असे काही नाही. विंचूरकर व दमाजी गायकवाड हेही त्या रणातून वाचून परतले. त्यांच्या नावाने कोणी बोटे मोडीत नाही, मल्हाररावांच्या मात्र मोडतात. याचे कारण त्या दुपारपेक्षा नजीब प्रकरणात अधिक आहे. लोकांनी आधीचा राग पुढच्या घटनेवर काढला, असेच म्हणावे लागते. भाऊंच्या पत्नी पार्वतीबाई वाचून परत आल्या, आणि जी थोडी संघटित फौज उत्तरेत शिल्लक राहिली तीत होळकरांची होती, हेही हिशेबात धरावे लागते.

ही शिल्लक किती मोलाची होती हे त्याच वर्षी दिसले. पानिपतची वार्ता पसरताच राजपुतान्यात व माळव्यात जागोजाग ठाणी उठू लागली. जयपूरच्या माधोसिंगाने उचल खाल्ली. सप्टेंबर १७६१ मध्ये गौतमाबाई निवर्तल्या. आणि नोव्हेंबरच्या अखेरीस मांगरोळजवळ मल्हाररावांनी, स्वतः जखमी होऊन, जयपूरच्या सैन्याचा पराभव केला. माळवा मराठ्यांच्या हाती राहिला तो या लढाईमुळे. पानिपतवर चर्चा करणारे मांगरोळचे नाव सहसा घेत नाहीत. इ.स. १७६३ मध्ये राक्षसभुवनला माधवराव पेशव्यांच्या बाजूने निजामाविरुद्धही ते उभे होते.

३ मे १७६५ रोजी कोरा येथे शुजाउद्दौल्याच्या साहाय्यास गेलेल्या मल्हाररावांची गाठ इंग्रजांच्या तोफखान्याशी पडली आणि त्यांना यमुनेपार हटावे लागले. त्याच वर्षी त्यांनी अहिल्याबाईंना पत्र लिहून चंबळ उतरून ग्वाल्हेरीकडे जाण्यास सांगितले आणि मोठ्या तोफा बरोबर ठेवून दारूगोळ्याची जितकी होईल तितकी तरतूद करण्याची सूचना केली. भाऊंना तोफा मागे ठेवा म्हणणारा सुभेदार अखेरीस सुनेला तोफखाना सांभाळण्यास सांगत होता.

२० मे १७६६ रोजी भिंडजवळच्या आलमपूर येथे छावणीतच त्यांचा देह पडला. नातू मालेराव वर्षभरात गेला आणि राज्याचा भार अहिल्याबाईंवर आला; आलमपूरची छत्री त्यांनीच उभारली. नजीब मात्र मल्हाररावांनंतरही चार वर्षे जगला. इ.स. १७७० मध्ये मराठी फौजा पुन्हा दिल्लीकडे गेल्या तेव्हा तुकोजी होळकर त्याच्याशी जमवून घेण्याच्या बाजूचे होते आणि पानिपतावर पाय कायमचा अधू झालेले महादजी शिंदे त्याविरुद्ध होते. त्याच वर्षी नजीब वारला. इ.स. १७७२ मध्ये पत्थरगड मराठ्यांच्या हाती आला, तेव्हा तेथील त्याच्या कबरीचीही नासधूस करण्यात आली.