पदार्थाची ‘आठवण’ गणितात मांडणारा शास्त्रज्ञ

अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील पारनेर तालुक्यात सुपे परिसराच्या डोंगरमाथ्यांवर पवनचक्क्या उभ्या राहिल्या. अशा पवनचक्क्यांची पाती काचतंतूंनी बळकट केलेल्या प्लास्टिकची, म्हणजे फायबरग्लासची असतात. साधारणपणे वीस वर्षे टिकावीत, असा हिशेब करून ती घडवली जातात. मात्र कोणत्याही पात्याची वीस वर्षे चाचणी घेऊन मग ते विकणे कारखान्याला शक्य नसते. सततच्या भाराखाली ते किती वाकेल, याचा अंदाज आधीच बांधावा लागतो. या अंदाजशास्त्राचा पाया १८७४ मध्ये व्हिएन्नात घातला गेला. तो घालणारे शास्त्रज्ञ होते लुडविग बोल्ट्झमन.

बोल्ट्झमन यांचा जन्म २० फेब्रुवारी १८४४ रोजी व्हिएन्नात झाला. वडील करखात्यात अधिकारी होते. मुलगा पंधरा वर्षांचा असताना त्यांचे निधन झाले. व्हिएन्ना विद्यापीठात योझेफ श्टेफान यांच्या मार्गदर्शनाखाली बोल्ट्झमन यांनी १८६६ मध्ये डॉक्टरेट मिळवली आणि वयाच्या पंचविसाव्या वर्षी ते ग्राझ येथे प्राध्यापक झाले. तेथेच हेन्रिएट फॉन आयगेंटलर या तरुणीला विद्यापीठातील व्याख्यानांना बसण्याची परवानगी नाकारण्यात आली. तिने या निर्णयाविरुद्ध दाद मागावी, असा सल्ला बोल्ट्झमन यांनी दिला. १८७६ मध्ये दोघे विवाहबद्ध झाले.

ताणलेला रेशमी धागा लगेच लांबतो आणि त्यानंतरही हळूहळू लांबत राहतो, हे विल्हेल्म वेबर यांनी १८३५ मध्ये नोंदवले होते. कपडे वाळत घालायची नायलॉनची दोरी काही दिवसांनी सैल पडते, त्यामागेही हेच कारण असते. या संथ बदलाला आज अभियंते ‘क्रीप’ म्हणतात. बोल्ट्झमन यांनी त्याला गणिताचे रूप दिले. पदार्थावर पडलेला प्रत्येक भार आपला स्वतंत्र ठसा उमटवतो, जुने ठसे पुसट होत जातात आणि आजचा आकार म्हणजे या साऱ्यांची बेरीज, असे त्यांनी मांडले. पदार्थ आपला भूतकाळ विसरत नाही. म्हणूनच त्याचे भविष्य वर्तवता येते.

फायबरग्लासमध्ये काचतंतू फारसे ताणले जात नाहीत. संथपणे सरकतात ते त्यांना धरून ठेवणाऱ्या रेझिनचे रेणू. उष्णता वाढवली की हे सरकणे वेगवान होते. विसाव्या शतकाच्या मध्यावर या गुणधर्माचा आधार घेऊन, भारदस्त तापमानात थोड्या काळात घेतलेल्या चाचण्यांवरून अनेक वर्षांचा आलेख जुळवण्याची पद्धत विकसित झाली. बोल्ट्झमन यांच्या बेरजेला मर्यादाही आहेत. भार मोठा झाला, ओलावा शिरला किंवा तंतू तुटू लागले की साधी बेरीज चुकते. त्यामुळे अभियंते सुरक्षिततेसाठी जादा मजबुती ठेवतात, आणि काही प्रयोगशाळांत दशकानुदशके भार टांगून खऱ्या चाचण्याही घेतल्या गेल्या.

बोल्ट्झमन यांची अधिक ख्याती आहे ती एन्ट्रॉपी आणि अणूंची संख्याशास्त्रीय मांडणी यांचा संबंध जोडणाऱ्या १८७७ च्या सिद्धान्तासाठी. परंतु त्या काळी अणूंचे अस्तित्वच अनेकांना मान्य नव्हते. एर्न्स्ट माख आणि विल्हेल्म ओस्टवाल्ड यांच्यासारख्या मातब्बरांशी त्यांना वर्षानुवर्षे वाद घालावा लागला. दमा, अधू होत गेलेली दृष्टी आणि वारंवार येणारे नैराश्य यांनी त्यांना ग्रासले. १८८९ मध्ये थोरल्या मुलाचा अकाली मृत्यू झाला. म्युनिक, व्हिएन्ना, लाइपझिग आणि पुन्हा व्हिएन्ना अशी त्यांची भ्रमंती सुरू राहिली. ५ सप्टेंबर १९०६ रोजी, ट्रिएस्टजवळच्या दुइनो येथे कुटुंबासह सुट्टीवर असताना त्यांनी आत्महत्या केली.

दोनच वर्षांनी, १९०८ मध्ये जाँ पेरँ यांच्या प्रयोगांनी अणूंचे अस्तित्व निर्विवादपणे सिद्ध होऊ लागले आणि ओस्टवाल्ड यांनीही ते मान्य केले. बेकलाइट हे पहिले पूर्णतः कृत्रिम प्लास्टिक १९०७ मध्ये अवतरले. तेही बोल्ट्झमन यांना पाहता आले नाही. व्हिएन्नाच्या मध्यवर्ती दफनभूमीतील त्यांच्या स्मारकावर एन्ट्रॉपीचे सूत्र कोरलेले आहे. पदार्थाच्या आठवणीचा सिद्धान्त मात्र तेथे नाही. तो आजही प्लास्टिकचा पूल, टाकी किंवा पवनचक्कीचे पाते आखणाऱ्या अभियंत्याच्या हिशेबात रोज वापरला जातो.