लक्ष्मणराव किर्लोस्कर : कारखान्याची घडी बसविणारा यांत्रिक

बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर या लहानशा गावाने मराठी मुलखाला दोन किर्लोस्कर दिले. पहिले बळवंत पांडुरंग ऊर्फ अण्णासाहेब, ज्यांनी १८८० साली ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणून संगीत नाटकाचे युग सुरू केले. दुसरे लक्ष्मण काशिनाथ. त्यांचा जन्म २० जून १८६९ रोजी झाला. घराणे मूळचे मालवणकडील किरलोशीचे. आडनाव त्या गावावरून पडले. लक्ष्मणरावांचे वडील वेदान्ताचे अभ्यासक होते. घरात ग्रंथ होते, विद्वानांची ये-जा होती. पण धाकट्या मुलाचे लक्ष पुस्तकातल्या अक्षरांपेक्षा चित्रांत आणि चाकांत अधिक रमे. शाळेतील प्रगती बेताचीच होती.

१८८५ साली मुंबईस जाऊन जे. जे. कला शाळेत चित्रकला शिकण्याचा बेत त्यांनी केला, तो वडिलांच्या मर्जीविरुद्ध. वडीलबंधू रामूअण्णा पाठीशी उभे राहिले म्हणून तो पार पडला. या दोन भावांचे नाते पुढे आयुष्यभर असेच राहिले : एकाने नवे काही आरंभावे आणि दुसऱ्याने त्याला टेकू द्यावा. मुंबईत दोन वर्षे झाल्यावर ध्यानात आले की लक्ष्मणरावांना काही रंगांमधला भेद नीट कळत नाही. चित्रकाराला याहून मोठे वैगुण्य ते कोणते? दुसरा कोणी हताश होऊन गावी परतला असता. लक्ष्मणरावांनी रंगपेटी मिटली आणि ज्याला रंग लागत नाहीत ते चित्र, म्हणजे यंत्राचे रेखाटन, जवळ केले. व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते रेखनकलेचे शिक्षक झाले. फावल्या वेळात तेथील कार्यशाळेत उभे राहून त्यांनी लोखंडाची कामे हाताने शिकून घेतली. पदवी त्यांच्याजवळ कधीच नव्हती. पुढील आयुष्यात पदवी नसलेल्या माणसांची पारख त्यांना इतकी अचूक साधली, त्याचे एक कारण बहुधा हेच असावे.

त्या काळी मुंबईच्या रस्त्यांवर सायकल हे नवलाचे वाहन होते. लक्ष्मणरावांनी ते पाहिले, चालविण्यास शिकले आणि बेळगावास रामूअण्णांच्या मदतीने सायकलींचा व्यवहार सुरू केला. ‘किर्लोस्कर बंधू’ या नावाचा आरंभ १८८८ सालचा मानला जातो, तो या दुकानापासून. सायकल विकावयाची म्हणजे ती चालविण्यास शिकवावी लागे आणि मोडली तर दुरुस्तही करून द्यावी लागे. विकलेल्या वस्तूची जबाबदारी दुकानाच्या उंबरठ्यावर संपत नाही, हा धडा येथेच पक्का झाला. मुंबईच्या संस्थेत बढतीच्या वेळी आपल्याला डावलून गोऱ्या समाजातील माणसाला जागा मिळाली, हे पाहून त्यांनी नोकरीचा राजीनामा दिला आणि ते कायमचे बेळगावास आले.

सायकलींच्या दुकानातून शेतीच्या अवजारांकडे ते वळले. प्रथम कडबा कापण्याचे यंत्र झाले आणि मग लोखंडी नांगर. लाकडी नांगर जमीन उकरतो, उलथीत नाही. हरळी आणि कुंदा यांची मुळे त्याच्या खालीच राहतात. लोखंडी नांगर माती पालथी घालतो, मुळे वर काढून उन्हात टाकतो. हे नांगर तोपर्यंत परदेशांतून येत. ते महाग असत आणि एखादा भाग तुटला तर तो मिळणे दुरापास्त होई. असा नांगर येथेच ओतून तयार करावयाचा, ही कल्पना सांगायला सोपी. पण बेळगावात ती अमलात आणणे हे खडतर काम होते. ओतकामातले सारे मर्म फाळात असते. फाळ फार कठीण झाला तर तो ठिसूळ होतो व दगडावर आदळून तुटतो. मऊ राहिला तर चार दिवसांत झिजून बोथट होतो. दोहोंमधली नेमकी जागा पुस्तकात सापडत नाही. ती भट्टीपुढे, फसलेल्या ओतीव तुकड्यांच्या ढिगाऱ्यातच शोधावी लागते.

आणि माल तयार झाल्यावर गिऱ्हाईक कोठे होते? लोखंडाने जमिनीत विष भिनते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिला नांगर विकला जाण्यास दोन वर्षे लागली. या दोन वर्षांचा विचार आज यशाची कहाणी सांगताना एका वाक्यात उरकला जातो. पण भांडवल तुटपुंजे, नांगरांची रास कारखान्यात पडून, आणि रोज कामगारांची मजुरी द्यावयाची, अशी ती दोन वर्षे होती. शेतकऱ्याला अडाणी ठरवून मोकळे होणे सोपे होते. लक्ष्मणरावांनी तसे केले नाही. आलेल्या तक्रारी ते कामाचाच भाग मानीत. शेतातल्या मातीत नांगर कोठे अडतो, बैलांना तो कोठे जड जातो, कोणता भाग आधी झिजतो, हे पाहून पुढचा नांगर सुधारला जाई. आजच्या व्यवस्थापनशास्त्राची पाठ्यपुस्तके ज्या गोष्टीला मोठमोठी नावे देतात, ती बेळगावच्या त्या लहान कारखान्यात बिननावाने चालू होती.

नांगराला थोडीफार मागणी येऊ लागली तोच नवे संकट आले. कारखान्याची जागा नव्या वसाहतीसाठी हवी म्हणून बेळगावच्या नगरपालिकेने ती सोडण्यास सांगितले. बेळगावकरांना हा इतिहास आजही थोडा बोचावा असा आहे. शहरात किर्लोस्करांच्या नावाचा रस्ता आहे. कारखाना मात्र दुसऱ्याच्या पदरात पडला. औंध संस्थानचे अधिपती भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांच्याशी लक्ष्मणरावांचा स्नेह होता आणि औंधच्या सभामंडपाच्या बांधकामानिमित्त तो अधिक दृढ झाला होता. १९०९ साली गादीवर आलेल्या या रसिक व कर्त्या राजाने आपल्या संस्थानात येण्याचे निमंत्रण दिले. कुंडल रोड स्थानकाजवळची ३२ एकर जमीन आणि १० हजार रुपयांचे बिनव्याजी कर्ज, एवढ्यावर १९१० साली किर्लोस्करवाडीची मुहूर्तमेढ रोवली गेली.

जमीन म्हणजे निवडुंगाचे रान आणि सापांची वस्ती. पाण्याची वानवा. पंचवीस-एक कामगार आपापल्या बायकामुलांसह तेथे आले. त्या रानात एकच गोष्ट अनुकूल होती, ती म्हणजे लोहमार्ग अगदी शेजारून जात होता. ओतकामाचा कारखाना हा वजनाचा धंदा आहे. कच्चे लोखंड, कोळसा आत यावयाचा आणि जड नांगर बाहेर जावयाचे. प्रत्येक मणाची प्रत्येक हालचाल खर्चात भर टाकते. स्थानकाला खेटून कारखाना उभारणे हा त्या माळरानाचा मोठाच लाभ होता. एरवी निवडुंगापलीकडे तेथे पाहण्यासारखे काही नव्हते.

परंतु किर्लोस्करवाडीची खरी घडी बसली ती माणसांच्या निवडीने. लक्ष्मणरावांनी आपल्याभोवती जी माणसे जमविली, त्यांतील बहुतेकांना दुसऱ्या एखाद्या कचेरीने दारातही उभे केले नसते. रामूअण्णांकडे वसाहतीची आखणी आणि देखभाल होती : रस्ते, पाणी, झाडे, घरे, स्वच्छता. शंभोराव जांभेकर कारखान्याचे व्यवस्थापक व यंत्रज्ञ. मंगेशराव रेगे हिशेबाचे. के. के. कुलकर्णी पडेल ते काम अंगावर घेणारे. अनंतराव फळणीकर यांचे शालेय शिक्षण अर्धवट राहिलेले; पण यंत्राची बुद्धी अशी की तेच पुढे कारखान्यातील कल्पक अभियंते ठरले. प्रत्येकाचे क्षेत्र ठरलेले असे आणि त्या क्षेत्रात मालकाची ढवळाढवळ कमी असे. हे वाटते तितके सोपे नाही. जो मालक स्वतः उत्तम कारागीर असतो, त्याला दुसऱ्याच्या हातातली कानस काढून घेण्याचा मोह आवरत नाही. लक्ष्मणरावांनी तो आवरला.

रात्रीच्या पहाऱ्यासाठी त्यांनी जी माणसे नेमली ती ऐकून त्या काळी अनेकांच्या भुवया उंचावल्या असतील. दरोडेखोरीसाठी पंचक्रोशीत ज्यांची दहशत होती, शिक्षा भोगून जे सुटले होते, अशांच्या हाती वाडीची राखण देण्यात आली. आणि त्यांनी ती इमानाने केली. वसाहतीत अस्पृश्यता पाळावयाची नाही, असाही दंडक होता. आधीच्या शतकाचे वळण अंगात मुरलेल्या काळात, एका खेडवळ मुलखात, हा दंडक घालणे आणि तो चालविणे यांत नुसती दयाबुद्धी नव्हती. कारखान्यात साचा भरणारा, लोखंड ओतणारा आणि भाग जुळविणारा यांनी एकमेकांच्या हातात हात घालून काम करावयाचे असते. तेथे शिवाशिव आली की कामच थांबते. माणुसकी आणि कार्यक्षमता येथे एकाच वाटेने चालल्या. अर्थात वाडीचे हे जीवन एका वडीलधाऱ्याच्या नजरेखालचे होते, हेही नमूद करावयास हवे. घर, रस्ता, शेजार, शिस्त सारेच कारखान्याच्या बाजूने ठरत होते. ज्यांना ते मानवले त्यांना वाडी हे आपले गाव वाटले. सर्वांनाच तसे वाटले असेल, असे मानण्याचे कारण नाही.

१९१४ साली महायुद्ध सुरू झाले आणि परदेशी नांगरांची आवक आटली. मागणी किर्लोस्करांच्या दाराशी आली, पण तिच्याबरोबर टंचाईही आली. कच्चे लोखंड मिळेना, दगडी कोळसा मिळेना. अशा वेळी मोडीचे लोखंड गोळा करून भट्टीत घालण्यात आले आणि कोळशाच्या जागी लाकडाचा कोळसा वापरून पाहण्यात आला. शेतीच्या व उद्योगाच्या उन्नतीची आस्था असणारे कोल्हापूरचे शाहू छत्रपती या वेळी मदतीस आले, आणि गडावरील जुन्या निकामी तोफांचे लोखंड नांगर ओतण्यासाठी मिळाले. ज्या तोफांनी कधीकाळी शेते तुडविणाऱ्या फौजांना साथ दिली असेल, त्यांचेच फाळ होऊन त्या शेतात उतरल्या.

नांगराचा धंदा हा हंगामी. पीक निघाले की मागणी येते, पाऊस पडला की थांबते. कामगाराचे पोट मात्र बारमाही असते. एकाच वस्तूवर चालणारा कारखाना वर्षातून काही महिने उपाशी राहावयाचाच. किर्लोस्करवाडीत नांगराच्या जोडीला उसाचे चरक, भुईमूग फोडण्याची यंत्रे आणि पाण्याचे पंप तयार होऊ लागले. तीच भट्टी, तेच साचेकार, तीच यंत्रे. फक्त साचा निराळा. १९२० साली ‘किर्लोस्कर बंधू’ ही मर्यादित कंपनी झाली. त्याच वर्षी पुतणे शंकरराव यांनी गिऱ्हाइकांपर्यंत कारखान्याची वार्ता नेण्यासाठी ‘किर्लोस्कर खबर’ हे लहानसे पत्र काढले. त्याचे पुढे ‘किर्लोस्कर’ मासिक झाले आणि १९३० मध्ये ‘स्त्री’, त्यानंतर ‘मनोहर’ ही भावंडे त्याला मिळाली. या मासिकांचे बांधीव खंड ज्या वाचकांनी ग्रंथालयांच्या कपाटांतून काढून वाचले, त्यांच्यापैकी किती जणांना ठाऊक असेल की त्यांचे मूळ नांगराच्या जाहिरातीत आहे!

लक्ष्मणरावांचे पुत्र शंतनुराव अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स येथे अभियांत्रिकीचे शिक्षण घेऊन १९२६ साली परतले. पदवी नसलेल्या बापाच्या कारखान्यात पदवी घेतलेला मुलगा आला, तरी दोन पिढ्यांच्या पद्धतींत तुटातूट झाली नाही. पंपांनंतर तेलावर चालणारी इंजिने आणि यंत्रे घडविणारी यंत्रे यांकडे उद्योग वळला. १९४१ मध्ये हरिहर येथे म्हैसूर किर्लोस्कर आणि १९४६ मध्ये पुण्यास किर्लोस्कर ऑइल इंजिन्स व बंगळूरला किर्लोस्कर इलेक्ट्रिक या कंपन्या निघाल्या. हा विस्तार मुख्यतः पुढच्या पिढीचा आहे. त्याची कथा निराळी आहे.

१९४८ साली गांधीजींच्या हत्येनंतर उसळलेल्या जाळपोळीत जमावाने किर्लोस्करवाडीचा कारखाना पेटविला. निवडुंग तोडून जे अडतीस वर्षांत उभे केले होते, त्याचा मोठा भाग भस्मसात झाला. ज्या शेतकऱ्यांच्या मुलखासाठी नांगर ओतले, त्याच मुलखात हे घडावे, हा आघात त्या वेळी ऐंशीच्या घरात आलेल्या लक्ष्मणरावांना किती लागला असेल, याची कल्पनाच केलेली बरी. पण कारखान्याची राख झाली तरी त्यातल्या माणसांच्या हातांतले कसब जळाले नव्हते. भट्टी पुन्हा पेटली, कामगार पुन्हा कामावर आले आणि वाडीतून पंप पुन्हा बाहेर पडू लागले.

२६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणरावांचे निधन झाले. १९६९ साली त्यांच्या जन्मशताब्दीनिमित्त भारत सरकारच्या टपाल खात्याने त्यांच्या नावे तिकीट काढले. कुंडल रोड हे स्थानकाचे जुने नाव मागे पडून त्याला किर्लोस्करवाडीचे नाव मिळाले आहे. पुणे-मिरज मार्गावरील गाड्या तेथून जातात, आणि स्थानकाला खेटून पंपांचा कारखाना उभा आहे.